स्वस्त कोटेशन की कमी खर्चाची वस्तू? शाळेच्या खरेदीतून पर्यावरणाचा पाठ



पर्यावरणाचा पाठ म्हटलं की आपण झाडं लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा एवढं सांगतो आणि थांबतो. आजचा पाठ थोडा वेगळा आहे. तो आपल्या कपाटातल्या रजिस्टरमधून सुरू होतो. सरकारी कार्यालय, मग ते रेल्वेचं असो, तहसीलचं असो किंवा आपली जिल्हा परिषदेची शाळा असो, वस्तू कशी विकत घेतं, कशी वापरतं आणि वापरून झाल्यावर तिचं काय करतं, हा आजचा विषय. याला पर्यावरणपूरक खरेदी किंवा हरित खरेदी म्हणतात.

आधी माझीच एक चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते, तिथे अनुदानातून चार वर्गांना आठ पंखे घ्यायचं ठरलं. पद्धतीप्रमाणे तीन दुकानांची कोटेशन आणली. तुलनात्मक तक्ता मीच तयार केला आणि सगळ्यात कमी दराखाली लाल रेघही मीच मारली. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव झाला, पंखे आले, जड संग्रह रजिस्टरला नोंद झाली, उपयोगिता प्रमाणपत्र गेलं. कागदोपत्री सगळं चोख.

दीड वर्षात आठपैकी तीन पंखे आवाज करत करत बंद पडले. उरलेले चालत होते, पण विजेचं बिल भरायला पैसे पुरत नव्हते. थकबाकी साचली आणि ऐन मार्चमध्ये वीज तोडली गेली. हे काही फक्त पंख्यांमुळे झालं नाही, आधीचीही बाकी होती. पण बिल कमी करण्याची एक संधी आमच्या हातात आली होती आणि ती आम्ही लाल रेघेखाली घालवली, हे खरं. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही कापड टाकून झाकून ठेवला. मराठवाड्यातला मार्च कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. तिसरीतली एक मुलगी वर बघत म्हणाली, "मॅडम, पंखा हाय पन वारं न्हाई."

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. कमी दराचं कोटेशन आणि कमी खर्चाची वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाच आजच्या पाठाचा गाभा.

पाठाची उद्दिष्टे

१. वस्तूची किंमत आणि वस्तूचा एकूण खर्च यातला फरक विद्यार्थ्यांना सांगता येणे.
२. वॅट, तास आणि युनिट यांचे गणित करता येणे.
३. सरकारी कार्यालयांनी केलेल्या खरेदीची उदाहरणे पाहून त्यातले बरे-वाईट ओळखता येणे.
४. आपल्या शाळेची व घराची एखादी खरेदी तपासून पाहता येणे.

(इयत्ता पाचवी ते आठवीसाठी. तिसरी-चौथीला गणिताचा भाग सोपा करून घ्यावा.)

भाग १ : पावतीवर न दिसणारा खर्च

कोणत्याही वस्तूचे चार खर्च असतात. विकत घेण्याचा, वापरण्याचा, दुरुस्तीचा आणि शेवटी टाकून देण्याचा. पावतीवर फक्त पहिला दिसतो.

घरात हे चारही खर्च एकाच खिशातून जातात, म्हणून घरची बाई विचार करूनच वस्तू घेते. सरकारी कार्यालयात मात्र तसं नसतं. खरेदी एका अनुदानातून होते, विजेचं बिल दुसरीकडून भरायचं असतं, दुरुस्तीला तिसऱ्याकडे मागणी करायची असते आणि मोडक्या वस्तूचं काय करायचं हे तर कुणाचंच काम नसतं. शिवाय खरेदी करणारी व्यक्ती बदली होऊन जाते आणि बिल पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतं. म्हणून लाल रेघ नेहमी सगळ्यात कमी आकड्याखालीच पडते. यात कुणाची वाईट नियत असेलच असं नाही. तक्त्यात दुसरा रकानाच नसतो.

तो दुसरा रकाना काढून बघू. फळ्यावर मुलांकडून हे गणित करून घ्या.

साधा पंखा साधारण ७५ वॅटचा. नवीन प्रकारचा बीएलडीसी मोटरचा पंखा साधारण ३० वॅटचा. आपली शाळा दिवसाची, थंडीत आणि दीर्घ सुट्टीत पंखे बंद, म्हणून वर्षाला १५० दिवस आणि दिवसाला ६ तास धरू. विजेचा दर सोयीसाठी युनिटला ८ रुपये धरू. पंख्यांच्या किमती १४०० आणि २८०० रुपये धरू. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुम्ही तुमच्या बिलावरचा दर आणि तुमच्या गावातल्या दुकानातला भाव घाला.)

१००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं, हे मुलांना आधी सांगा.

साधा पंखा : ७५ × ६ × १५० ÷ १००० = ६७.५ युनिट. वर्षाचे ५४० रुपये.
बीएलडीसी पंखा : ३० × ६ × १५० ÷ १००० = २७ युनिट. वर्षाचे २१६ रुपये.
वर्षाची बचत : ३२४ रुपये.
किमतीतला फरक : १४०० रुपये. म्हणजे साधारण सव्वाचार वर्षांत तो भरून निघतो.

आता दहा वर्षांचा हिशोब.

साधा पंखा : १४०० + ५४०० = ६८०० रुपये.
बीएलडीसी पंखा : २८०० + २१६० = ४९६० रुपये.
एका पंख्यामागे फरक १८४० रुपये. आठ पंख्यांमागे १४७२० रुपये.

म्हणजे कोटेशनमध्ये जो दुप्पट महाग होता, तोच दहा वर्षांत स्वस्त पडला. मात्र इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बीएलडीसी पंख्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं. सर्किट गेलं आणि जवळपास दुरुस्त करणारा नसेल, तर हा सगळा हिशोब कोलमडतो. म्हणून कोटेशन मागतानाच वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्ती कुठे होणार, हे लेखी मागावं.

पालकांसाठी याच गणिताचा दुसरा भाग. घरात तोच पंखा दिवसाला १५ तास आणि वर्षाला २४० दिवस चालतो असं धरा. ४५ वॅटचा फरक × १५ × २४० ÷ १००० = १६२ युनिट. वर्षाचे १२९६ रुपये वाचतात, म्हणजे जादा दिलेले १४०० रुपये तेरा महिन्यांत वसूल. शाळेत जे व्हायला सव्वाचार वर्षं लागतात, ते घरी वर्षभरात होतं. पंखा तोच, पण वापर वेगळा म्हणून उत्तर वेगळं. मुलांच्या हे लक्षात आलं की अर्धा पाठ झाला असं समजा.

याच नियमाने उलटंही होतं. दिवसाच्या शाळेत सगळे दिवे बदलून फारसं काही वाचत नाही, कारण दिवे लागतातच कमी. तिथे खिडकीसमोरचं कपाट हलवणं, काचा पुसणं आणि भिंतीला पांढरा रंग देणं याने जास्त काम होतं. नवीन वस्तू घेणं हा नेहमीच पर्यावरणपूरक उपाय नसतो.

वाचलेलं युनिट कुठे जातं?

मुलं हमखास विचारतात, "वीज वाचली तर पैसे वाचतील, पण पर्यावरणाचं काय?" उत्तर आपल्या मराठवाड्यातच आहे. परळी वैजनाथचं औष्णिक वीजकेंद्र कोळशावर चालतं आणि त्याला पाणीही भरपूर लागतं. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. त्याच टंचाईत पुढच्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. विजेचा आणि पाण्याचा संबंध यापेक्षा स्पष्ट कसा सांगणार? आपल्या वर्गातला पंखा थेट परळीच्याच विजेवर चालतो असं नाही, वीज सगळी एकाच जाळ्यातून येते. पण रिकाम्या वर्गात फिरणारा पंखा कुठला तरी कोळसा आणि कुठलं तरी पाणी खात असतो, एवढं मुलांना नक्की समजतं.

भाग २ : सरकार एकत्र खरेदी करतं तेव्हा

आता मोठं उदाहरण घेऊ. एलईडी बल्ब सुरुवातीला आले तेव्हा फार महाग होते. ते वीज कमी खातात हे सगळ्यांना माहीत होतं, पण घेणार कोण? ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या ईईएसएल या सरकारी कंपनीने लाखोंच्या संख्येने बल्ब एकदम खरेदी करायला सुरुवात केली. ५ जानेवारी २०१५ रोजी देशपातळीवर योजना सुरू झाली, तीच पुढे उजाला म्हणून ओळखली गेली. २०१४ च्या सुरुवातीला या खरेदीत एका बल्बचा दर ३१० रुपये होता. २०१६ मध्ये तो ३८ रुपयांवर आला. योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. आज खेड्यातल्या किराणा दुकानातही साधा पिवळा बल्ब शोधावा लागतो.

यातून मुलांना काय शिकवायचं? एका माणसाने चांगली वस्तू मागितली तर दुकानदार हसतो. सरकारने कोट्यवधींच्या संख्येने मागितली तर कारखाना बदलतो. सरकार हा देशातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक असतो. त्याने काय मागायचं ठरवलं, यावर बाजारात काय मिळणार हे बऱ्याच अंशी ठरतं.

बाहेरच्या देशांतही हेच दिसलं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या कार्यालयांसाठी वीज वाचवणारे, एनर्जी स्टार चिन्हाचेच संगणक घ्यायचे, असा आदेश काढला. जपानने तर सन २००० मध्ये सरकारी कार्यालयांच्या हरित खरेदीसाठी स्वतंत्र कायदाच केला. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधील १२.७ हे लक्ष्यही शाश्वत सरकारी खरेदीबद्दलच आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये याची तरतूद आहे. ठरवून दिलेली विजेची उपकरणं घेताना ती ठरलेल्या किंवा त्याहून जास्त तारांकनाचीच असावीत, असा नियम आहे. तारांकन म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरोचं, ज्याला आपण बीईई म्हणतो, त्यांचं स्टार लेबल. ही पद्धत २००६ मध्ये सुरू झाली आणि छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून हे लेबल सक्तीचं झालं. आपल्या शाळांना राज्याचे खरेदी नियम लागू होतात, हे खरं. पण मागणीपत्रात "पंखा, नग ८" एवढंच लिहिण्याऐवजी "पाच तारांकित पंखा, अमुक वॅटपर्यंत, अमुक वर्षं वॉरंटी, नग ८" असं लिहायला कुठलाच नियम आड येत नाही. मग तिन्ही दुकानदार त्याच दर्जाच्या पंख्याचं कोटेशन देतील आणि त्यातल्या सगळ्यात कमी दराखाली लाल रेघ मारली तरी चालेल. मला हे कळायला एक उन्हाळा लागला.

राज्य सरकारचं एक उदाहरणही सांगण्यासारखं आहे. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली. त्याच मार्गावर बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, एसटीची 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू झाली. अशी बस घेताना महाग, पण चालवताना डिझेलचा खर्च नाही आणि स्टँडवर धूर नाही. पंख्याचंच गणित, फक्त मोठं.

भाग ३ : मुदखेड जंक्शनवरचा पाठ

आपल्या भागातल्या मुलांना सरकारी कार्यालय म्हणजे काय हे दाखवायचं तर रेल्वेसारखं दुसरं उदाहरण नाही. मुदखेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातलं जंक्शन. इथून एक फाटा भोकर, किनवटमार्गे आदिलाबादला जातो. मुलांनी गाड्या लहानपणापासून पाहिलेल्या असतात, पण डब्याखाली वाकून कुणी पाहिलेलं नसतं. पालकांच्या संमतीने, मोठ्या माणसांसोबत, फलाटावर सुरक्षित अंतरावर उभं राहून मुलांना डब्याखालची टाकी दाखवा. ती जैव शौचालयाची टाकी.

पूर्वी गाडीतल्या शौचालयाची घाण थेट रुळांवर पडायची. "स्थानकावर गाडी उभी असताना शौचालय वापरू नये" ही पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे. ती सोय बांधायला स्वस्त होती. पण तिचा खर्च कोण भरत होतं? एक तर रुळांवर काम करणारे कर्मचारी, ज्यांना त्या घाणीत उभं राहून काम करावं लागे. आणि दुसरं म्हणजे स्वतः रूळ. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात या घाणीमुळे रूळ आणि त्यांचे जोड गंजतात, हे स्पष्टपणे मांडलं होतं. म्हणजे स्वस्त शौचालयाचं बिल रुळांच्या खात्यातून जात होतं आणि प्रवाशांची सुरक्षितताही त्यात अडकली होती.

संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओ आणि रेल्वे यांनी मिळून जैव शौचालय तयार केलं. टाकीतले जिवाणू घाणीचं पाणी आणि वायूमध्ये रूपांतर करतात. जानेवारी २०११ मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेसमध्ये ती पहिल्यांदा लागली आणि पुढे देशभरातल्या डब्यांमध्ये अडीच लाखांच्या आसपास बसवली गेली.

पण इथेच पाठाची दुसरी बाजू येते. २०१७ च्या कॅगच्या अहवालात ही शौचालयं मोठ्या प्रमाणावर तुंबत असल्याचं समोर आलं. कारण? लोक त्यात बाटल्या, चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या, कापड असं काहीही टाकत होते. शिवाय देखभालही कमी पडत होती. वस्तू चांगली घेतली, पण वापरणाऱ्यांना नीट सांगितलं नाही आणि देखभालीची सोय केली नाही, तर चांगली वस्तूही फुकट जाते. आपल्या शाळेतल्या शौचालयांची आणि हात धुण्याच्या नळांची आठवण झाली ना? मलाही झाली.

रेल्वेचंच आणखी एक उदाहरण, कुल्हडचं. २००४ मध्ये लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना स्थानकांवर चहा मातीच्या कुल्हडमध्ये द्यायचं ठरलं. पुढे ते मागे पडलं आणि कागदी, प्लास्टिकचे कप परत आले. २०२० मध्ये पुन्हा कुल्हडची घोषणा झाली. मुलांना विचारा, का मागे पडलं असेल? माझ्या वर्गातली उत्तरं अशी होती : "फुटतंय मॅडम", "जड हाय", "रोज एवढे बनवणार कोण?", "भाजायला लाकडं लागतात की". सगळी बरोबर. वस्तू मातीची आहे म्हणून ती आपोआप पर्यावरणपूरक होत नाही. ती कुठून येणार, किती लांबून येणार, रोज तेवढी मिळणार का आणि बनवायला काय जळणार, हेही बघावं लागतं.

भाग ४ : कागदाची गोष्ट

आता आपल्या अगदी जवळचा विषय, कागद.

पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घालण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनी वर्गात राबवला आहे. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत आली आणि धड्यांमध्ये नोंदींसाठी कोरी पानं आली. हेतू चांगला होता. दप्तराचं ओझं कमी व्हावं आणि गरीब मुलांना वही नाही म्हणून अडू नये. पण झालं काय? मुलं वह्या आणतच राहिली. बऱ्याच ठिकाणी ती पानं कोरीच राहिली आणि पुस्तकं मात्र जाड झाली. शेवटी २०२५-२६ पासून ही पद्धत बंद करण्याचा निर्णय झाला.

मी हे टीका म्हणून सांगत नाही. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी यासारखं उदाहरण मिळणार नाही. एका पुस्तकात थोडीच पानं वाढतात, पण राज्यभरातल्या मुलांच्या संख्येने गुणलं की तो केवढा कागद होतो! सरकारी खरेदीत चांगली गोष्ट जशी कोटीने गुणली जाते, तशी चूकही कोटीने गुणली जाते. म्हणून आधी थोड्या शाळांमध्ये करून बघायचं, मुलं खरंच वापरतात का हे पाहायचं आणि मगच मोठी खरेदी करायची, हा धडा.

आणि आपला स्वतःचा कागद? माहिती ऑनलाइन भरायची, मग तिची प्रिंट काढायची, सही-शिक्का करून तीन प्रतींत द्यायची, हे आपण सगळेच करतो. वरून काय मागितलं जावं हे आपल्या हातात नाही. पण शाळेत काही गोष्टी आपण ठरवू शकतो. आमच्या सध्याच्या शाळेत आम्ही एवढंच केलं :

• प्रिंटरला दोन्ही बाजूंनी छपाई ही नेहमीची सेटिंग करून ठेवली.
• एका बाजूने कोऱ्या कागदांचा खोका ठेवला. चाचणीचे सराव प्रश्न आणि चित्रकला त्यावर.
• वर्षाअखेरीस वह्यांची उरलेली कोरी पानं शिवून कच्च्या वह्या केल्या. शिवायचं काम सहावी-सातवीच्या मुलांनी हौसेने केलं.
• पालकसभेची सूचना कागदावर न छापता फळ्यावर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या मुलांना वहीत लिहून दिली.

भाग ५ : सत्कार, जेवणावळ आणि मोडकी वस्तू

मुदखेड तालुका फूलशेतीसाठी ओळखला जातो. गुलाब, झेंडू, मोगरा. आणि आपण पाहुण्यांच्या सत्काराला प्लास्टिकच्या चकचकीत कागदात गुंडाळलेला बुके आणतो! आता आम्ही गावातल्याच शेतातून एक-एक गुलाब आणि सोबत एक पुस्तक देतो. गुलाब दुसऱ्या दिवशी खतात जातो, पुस्तक राहतं. पाहुण्यांची तक्रार अजून एकही नाही.

कार्यक्रमाच्या जेवणाचंही तसंच. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्याऐवजी कागदी पत्रावळ्या घेतल्या, तरी दर कार्यक्रमाला नवीन खरेदी आलीच. शाळेने एकदा स्टीलची ताटं, वाट्या, पेले घेतले तर ते पोषण आहारालाही चालतात आणि गावातल्या छोट्या कार्यक्रमालाही देता येतात. फक्त मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. हे काम बालसभेच्या मंत्र्यांकडे सोपवा, एक चमचा कमी येणार नाही.

राहिला शेवटचा खर्च, टाकून देण्याचा. प्रत्येक शाळेत एक खोली असते. बंद पडलेला मॉनिटर, यूपीएस, तुटलेली ट्यूब, सीएफएल. निर्लेखन झालेलं नाही म्हणून हलवता येत नाही आणि कुणी पुढाकार घेत नाही. सीएफएल आणि जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो, बॅटरीत शिसं असतं. ही वस्तू फोडून भंगारात घालायची नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. एकट्या शाळेला ते अवघड जातं. केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी एकत्र यादी केली, निर्लेखनाचे प्रस्ताव सोबत पाठवले, तर काम सोपं होतं. पुढच्या शिक्षण परिषदेत हा विषय काढून बघा.

वर्गात घ्यायचे उपक्रम

१. पाच प्रश्नांची पट्टी : कोणतीही खरेदी करण्याआधी विचारायचे प्रश्न मुलांकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि कार्यालयात लावा.
  – ही वस्तू खरंच हवी आहे का?
  – आहे ती दुरुस्त होईल का?
  – वापरायला वर्षाला किती खर्च येईल?
  – बिघडली तर जवळ कुठे दुरुस्त होईल?
  – संपल्यावर किंवा मोडल्यावर कुठे जाईल?

२. वॅट शोधा : शाळेतल्या प्रत्येक उपकरणाच्या मागची पट्टी वाचून वॅटची यादी करणे. (मोठ्यांच्या देखरेखीखाली, उपकरण बंद असताना.)

३. मीटर वाचन : दर सोमवारी सकाळी मीटरचा आकडा फळ्यावर. आठवड्याची युनिट काढून महिन्याचा स्तंभालेख. 'माझी वसुंधरा' अभियानात पाच तत्त्वांपैकी अग्नी म्हणजे ऊर्जा. हा आलेख त्या फाइललाही उपयोगी पडतो.

४. खोटं दुकान : तीन मुलं दुकानदार, पाच मुलं शाळा व्यवस्थापन समिती. दुकानदारांनी कोटेशन द्यायचं, समितीने दहा वर्षांचा हिशोब करून निर्णय द्यायचा. खूप वाद होतात, होऊ द्या.

५. घरचा अभ्यास : आई-वडिलांसोबत घरची एक खरेदी निवडा. पंखा, पाण्याची मोटर, गॅसची शेगडी, काहीही. वरचे पाच प्रश्न तिला लावा. पालकांनो, इथे तुमची मदत लागेल. बिल मुलांसमोर उघडा. बिलावरचे आकडे मुलांपासून लपवण्यासारखे नसतात.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. वस्तूची किंमत आणि एकूण खर्च यात काय फरक आहे? उदाहरण द्या.
२. ६० वॅटचा पंखा रोज ५ तास, २०० दिवस चालला तर किती युनिट वीज लागेल? (उत्तर : ६० युनिट)
३. एलईडी बल्बचा दर कमी होण्यामागे सरकारी खरेदीचा काय वाटा होता?
४. जैव शौचालय चांगले असूनही का तुंबली? आपल्या शाळेत असे काय घडते?
५. कुल्हड वापरण्याचे फायदे आणि अडचणी लिहा.

शेवटी

त्या जुन्या शाळेतली वीज काही महिन्यांनी परत आली. ग्रामपंचायतीने आणि गावकऱ्यांनी मिळून थकबाकी भरली. मधल्या काळात तिसरीचा वर्ग आम्ही लिंबाच्या झाडाखाली भरवला. माझी बदली झाली, पण तो तुलनात्मक तक्ता मला अजून आठवतो. पुढच्या शाळेत पहिली खरेदी आली तेव्हा मी त्या तक्त्यात "दहा वर्षांचा खर्च" असा एक रकाना वाढवला. मुख्याध्यापक सरांनी विचारलं, "मॅडम, हा कुठल्या परिपत्रकात आहे?" मी म्हटलं, "सर, परिपत्रकात नाही, पण बिलात आहे." ते हसले आणि सही केली.

एक रकाना वाढवायला अनुदान लागत नाही, परवानगी लागत नाही. यंदाच्या खरेदीत तुमच्या शाळेतही तो वाढवून बघा. आणि तो हिशोब मुलांकडून करून घ्या, कारण उद्या कुठल्या तरी कार्यालयात लाल रेघ मारायला त्यांच्यापैकीच कुणीतरी बसलेलं असणार आहे.